भिंत कुणाच्या खात्यावर?

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. इमारत जुनी नव्हती. काही महिन्यांत सात मजले चढवले होते, आठव्याचे काम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायलाही आली होती. दोन वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे, ठाण्याच्या नौपाड्यात बी-केबिनजवळची कृष्णा निवास ही सुमारे पन्नास वर्षांची तीन मजली इमारत पडली. १२ जण गेले. त्याच्या आठवडाभर आधी, २८ जुलैच्या रात्री, ठाकुर्लीतली मातृछाया इमारत पडून ९ जण गेले होते. शीळफाट्याच्या इमारतीची नोंद ‘अनधिकृत’ म्हणून झाली, नौपाड्याच्या आणि ठाकुर्लीच्या इमारतींची ‘धोकादायक’ म्हणून. सरकारी कपाटात या दोन वेगळ्या फायली आहेत. एका फाईलमध्ये भूमाफिया येतात, दुसरीत पाऊस आणि गंजलेले लोखंड येते. माझे म्हणणे असे की हा एकच इतिहास आहे. अनेक कुटुंबांनी एका छपराखाली भाड्याने राहायचे, ही ठाणे-कल्याण-डोंबिवलीची दीडशे वर्षांची रीत. त्या छपराचा खर्च कुणी सोसायचा, हे आपण एकदाही नीट ठरवले नाही. नौपाड्याची भिंत आणि शीळफाट्याचा स्लॅब या न ठरवण्यामुळेच कोसळले.

या रीतीची सुरुवात चाळीपासून नाही, वाड्यापासून झाली. कल्याण हे बंदराचे आणि सुभ्याचे गाव. पारनाक्याच्या आणि टिळक चौकाच्या भागात चौकाभोवती सोपे, माजघर, मागे विहीर आणि परसू अशी घरे होती. ती एका कुटुंबासाठी बांधलेली, पण ते कुटुंब म्हणजे तीन पिढ्यांचा गोतावळा. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. १८६३ मध्ये भोर घाटातून आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रूळ वर चढले तेव्हा कल्याण हे दोन वाटा फुटण्याचे ठिकाण झाले. रेल्वेचे नोकर, टपालातले कारकून, कोर्टकचेरीची माणसे यांना राहायला जागा हवी होती, आणि वाड्यांतली तरुण मंडळी त्याच गाडीने मुंबईला नोकरीसाठी जाऊ लागली होती. एकीकडे रिकाम्या होत चाललेल्या खोल्या, दुसरीकडे खोली शोधणारी माणसे. सोप्याला पार्टिशन पडले, माजघरात दुसरी चूल आली. वाड्याला बिऱ्हाडे मिळाली, मालकाला दरमहा रोख. पुण्यातल्या पेठांतही हेच झाले. ‘बिऱ्हाड’ हा शब्द आज आपण घरगुती जिव्हाळ्याने उच्चारतो, पण तो मुळात तात्पुरत्या मुक्कामाचा शब्द आहे.

डोंबिवलीला स्टेशन १८८७ मध्ये आले. तिथे वाड्यांची परंपरा नव्हती, म्हणून भाड्याच्या घराने तिथे थेट चाळीचे रूप घेतले. आधी बैठ्या चाळी, मग एक-दोन मजली. विटांच्या भारवाहक भिंती, सागाचे खांब आणि वासे, वर मंगलोरी कौले, जमिनीला शहाबादी फरशी. पुढे लांब सज्जा, मागे मोरी, टोकाला सामाईक संडास. स्वयंपाकाची खोली आणि बाहेरची खोली, असे दोन खणांचे घर म्हणजे चांगले घर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या, फोर्टातली नोकरी आणि डोंबिवलीतली खोली हे गणित जमले. ठाण्यात नौपाडा, घंटाळी, चरई; डोंबिवलीत स्टेशनजवळचा फडके रोड, रामनगर, टिळकनगर. आज ज्या भागांत जागेचा भाव ऐकून माणूस गप्प होतो, ते सगळे भाग भाड्याच्या खोल्यांनी घडवलेले आहेत. तिथली वाचनालये, शाळा, गणेशोत्सव, व्याख्यानमाला हे सारे भाडेकरूंनी उभे केले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, डोंबिवलीचे गणेश मंदिर १९२४ चे. अशा संस्थांच्या आधारावर या वस्त्यांना सुसंस्कृत म्हटले जाते, आणि त्या चालवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या नावावर स्वतःची एक भिंतही नव्हती.

चाळीविषयी लिहिताना मराठी लेखक बहुधा शेजाराकडे वळतो. वाटीभर साखर, उघडे दरवाजे, सज्जातला संसार. हे खोटे नाही. पण त्याचे कारण आपण चुकीच्या जागी शोधतो. सज्जामुळे माणसे जवळ आली, वास्तूच तशी होती, असे सांगितले जाते. वास्तू पुरेशी असती तर मुंबईच्या बीडीडी चाळींमध्ये ती पहिल्या दिवसापासून दिसली असती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० नंतर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. पण भाडी परवडणारी नव्हती, जागा कामापासून दूर, आणि कितीतरी खोल्या बरीच वर्षे रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रहींना डांबण्यासाठी तुरुंग म्हणून झाला. त्याच इमारतींत पुढे दोन-तीन पिढ्या नांदल्या, तेव्हा त्यांची ‘बीडीडी’ झाली. म्हणजे शेजार घडवला तो सज्जाने नाही, मुक्कामाच्या लांबीने. आपल्याला इथून कोणी काढणार नाही आणि शेजारचाही कुठे जाणार नाही, ही खात्री असली की माणूस भांडण मिटवतो, उसने देतो, दुसऱ्याच्या मुलाला रागावतो. आजच्या गृहसंकुलात लांबलचक सामाईक व्हरांडे असतात. अकरा महिन्यांच्या करारावर आलेली कुटुंबे तिथे चपला ठेवतात, खुर्च्या टाकत नाहीत.

मग ही खात्री कुठून आली? कायद्यातून. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यात भाड्यावर पहिले नियंत्रण आले आणि काही वर्षांनी उठले. दुसऱ्या महायुद्धात ते परत आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ते पक्के झाले. मुंबईबरोबर ठाणे, कल्याणसारख्या गावांतल्या भाडेकरूंनाही त्याचे छत्र मिळाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’. त्यानंतर बांधलेले घर पहिल्यांदा ज्या भाड्याने दिले ते प्रमाण भाडे. ठरावीक कारणांखेरीज भाडेकरूला काढता येणार नाही. त्या वेळी हे योग्यच होते, यात मला तिळमात्र शंका नाही. युद्धाने घरबांधणी थांबली होती, फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत निर्वासित आले आणि त्यांचे उल्हासनगर झाले, खोलीसाठी माणूस काहीही द्यायला तयार होता. हा कायदा नसता तर फडके रोडवरच्या कारकुनाची बायको-मुले दर वर्षी नवी खोली शोधत फिरली असती आणि ग्रंथसंग्रहालयाला सभासद मिळाले नसते. कायदा चुकला तो वेगळ्या ठिकाणी. त्याने भाडे गोठवले, आणि त्याच कायद्यात जागा नीट राखण्याची जबाबदारी मालकावर ठेवली. उत्पन्न थांबवून खर्च मात्र चालू ठेवायला सांगितले.

हिशेब मांडून पाहू. समजा, वीस खोल्यांची दुमजली चाळ आहे आणि खोलीचे भाडे ८ रुपये. वर्षाचे उत्पन्न १,९२० रुपये. पालिकेचा कर वाढला तर तेवढी वाढ भाडेकरूकडून घेता येत होती, पण सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी वाढली तर काही नाही. पन्नास वर्षांनीही उत्पन्न तेच, आणि एका जिन्याच्या दुरुस्तीला त्याहून जास्त खर्च. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मूळ कायद्याची मुदत संपतच आली होती, म्हणून त्या रद्द मात्र केल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. आठ रुपयांवर चार टक्के दर वर्षी चढवत गेले तर वीस वर्षांनी साडेसतरा रुपये होतात. एवढ्यात खोलीच्या दाराला रंगही लागत नाही. दुरुस्ती होत नाही म्हणून गळते, गळते म्हणून लोखंड गंजते, भाडेकरू वर ताडपत्री टाकतो, खिडकीवर पत्रा मारतो, मोरीच्या जागी न्हाणीघर बांधून भिंतीवर नवा भार देतो. प्रत्येक जण आपल्या दहा बाय बाराची काळजी घेतो. पाया कुणाच्याच दहा बाय बारात येत नाही.

इथे भाडेकरू संघटनांचा एक जुना आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. भाडे नाममात्र असले तरी मालक कोरडा राहिला नाही, त्याला पगडी मिळाली. खोली घेताना भाडेकरूने घसघशीत रक्कम मोजली, खोली दुसऱ्याला देताना त्यातला ठरलेला वाटा पुन्हा मालकाकडे गेला. मग दुरुस्तीला पैसा नव्हता असे कसे म्हणता? पैसा होता, हे खरेच. पण त्या पैशाचे स्वरूप पाहायला हवे. १९४७ च्या कायद्याने पगडी घेणे गुन्हा ठरवले होते, म्हणून ती कधी कागदावर आली नाही; ती २००० पासून वैध झाली. जी रक्कम पावतीवर नाही तिच्यातून जिन्याची दुरुस्ती मागता येत नाही. शिवाय भाडे दर महिन्याला येते, पगडी भाडेकरू बदलला तरच येते. म्हणजे घर नांदते राहण्यात मालकाचा फायदा उरला नाही, घर मोडण्यात उरला. ज्या मुक्कामाने शेजार घडवला, तोच मुक्काम मालकाच्या डोळ्यांत खुपू लागला. मालक लोभी होते म्हणून इमारती पडल्या असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन: तीस-चाळीस वर्षांत, वेगवेगळ्या जातीधर्मांचे, कल्याणपासून गिरगावापर्यंतचे सगळे मालक एकाच प्रकारे लोभी कसे झाले? जिथे सगळेच एकसारखे वागतात तिथे स्वभावापेक्षा व्यवस्थेकडे पाहावे.

मुंबईत ही गोष्ट सरकारला लवकर कळली, कारण तिथे इमारती लवकर पडू लागल्या. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवला गेला, ते उत्पन्न आणि सरकारचा वाटा यांतून एक मंडळ दुरुस्त्या करू लागले. पुढे ते म्हाडात आले. मालकाचे उत्पन्न गोठवले आहे तर भिंतीचे खाते समाजाने चालवावे, हे त्यामागचे साधे तत्त्व. हाच ‘उपकरप्राप्त’ इमारतींचा वर्ग. आणि ही सारी तरतूद शीवच्या पुढे आली नाही. भाडे गोठवणारा कायदा ठाण्याला होता, दुरुस्ती करणारा नव्हता. खाडीच्या अलीकडे कायद्याचा अर्धा भागच पोचला, आणि माझ्या मते कृष्णा निवास आणि मातृछाया यांच्या अंगावर पडला तो हा न आलेला अर्धा भाग.

यावर कोणी म्हणेल की मुंबईत मंडळ असूनही इमारती पडतातच. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडून ३३ जण गेले. खरे आहे. उपकराची रक्कम अपुरी होती, दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा होती, संक्रमण शिबिरांत लोक वर्षानुवर्षे अडकले. ते मंडळ आदर्श होते असा माझा दावा नाही. पण त्याने तीन गोष्टी केल्या ज्या ठाणे-कल्याणात कोणीच केल्या नाहीत. कोणत्या इमारतीत कोण भाडेकरू आहे याची अधिकृत नोंद ठेवली. इमारत रिकामी करायची वेळ आली तर जायला जागा दिली, वाईट का होईना. आणि दुरुस्ती मागायला एक दार दिले. अपुऱ्या दवाखान्यात जाणारा रोगी आणि दवाखानाच नसलेल्या गावातला रोगी यांत फरक असतो.

दार नसले की काय होते ते दर पावसाळ्याआधी दिसते. महापालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते, त्यांचे वर्ग पाडते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची. नोटीस दारावर लागते. माणसे हलत नाहीत. मग टीव्हीवर म्हटले जाते की रहिवाशांनीच ऐकले नाही. ते का ऐकत नाहीत? कारण खोलीचा ताबा सोडला की हक्क गेला, ही पन्नास वर्षे मुरलेली भीती. ही भीती निराधार नव्हती. इमारत जमीनदोस्त झाली तर भाडेकरार संपतो की टिकतो, यावर खुद्द न्यायालयांत मतभेद होते. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा जागेवरचा हक्क संपत नाही. त्यानंतरच्याच वर्षी नौपाडा आणि ठाकुर्ली झाले. दिल्लीत लिहिलेला निकाल चाळीच्या जिन्यावर कोणीतरी आणून सांगावा लागतो, लेखी द्यावा लागतो. सत्तर वर्षांच्या बाईने पाण्यात भिजलेल्या भिंतीला टेकून झोपण्याचा निर्णय घेतला तर तो अडाणीपणा नव्हता. तिच्याकडे दुसरे कुलूप नव्हते.

आता शीळफाट्याकडे. इथे तर भाडे नियंत्रण नव्हते, पगडी नव्हती, जुने लोखंड नव्हते. मग या इतिहासाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न रास्त आहे. संबंध असा की भाडे गोठले त्या दिवसापासून भाड्यासाठी चाळ बांधण्याचा धंदा मरत गेला. जो पैसा पूर्वी खोल्या बांधून दरमहा वसूल होई, तो मालकी हक्काच्या सदनिकांत गेला. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांनी त्याला वाट दिली. मध्यमवर्गाने कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि तो चाळीतून सुटला. ज्याला कर्ज मिळत नव्हते त्याच्यासाठी कायदेशीर खोली बांधणारा कोणी उरला नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने ठाणे-कल्याण परिसरातली मोकळी जमीन तीस वर्षे अडकून पडली; तो महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला. याच काळात वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसी वाढली, १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडू लागले, आणि माणसे खोली शोधत दिवा, मुंब्रा, शीळ, डोंबिवलीच्या सत्तावीस गावांकडे सरकली. खोलीची गरज कमी झाली नव्हती, फक्त तिला कायद्यात जागा नव्हती. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या अग्यार समितीला एकट्या कल्याण-डोंबिवलीत ६७,९२० अनधिकृत बांधकामे आढळली. इतकी बांधकामे काही बदमाशांच्या धाडसाने उभी राहत नाहीत. त्यांच्यामागे गिऱ्हाइकांची रांग असते.

लकी कंपाउंडमध्ये एक गोष्ट विशेष घडली, आणि ती मला चाळीच्या इतिहासाचा शेवटचा, उलटा झालेला अध्याय वाटते. वरचे मजले चढत असतानाच खाली कुटुंबे आणून ठेवली होती. माणसे राहत असली की पालिकेला इमारत पाडणे अवघड जाते, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते. १९४७ च्या कायद्यात राहणाऱ्याचा ताबा हे राहणाऱ्याचे संरक्षण होते. शीळफाट्याला तोच ताबा बांधणाऱ्याने स्वतःच्या संरक्षणासाठी वापरला. ज्याला खोलीची निकड आहे त्याला ढाल म्हणून उभे केले आणि ती ढाल ७४ जणांसह खाली आली. या प्रकरणात पालिकेचे आणि पोलीस खात्याचे लोकही आरोपी झाले. ते गुन्हेगारीचे प्रकरण आहे, गृहनिर्माणाचे नाही, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही; गुन्हा तर आहेच. पण त्या गुन्ह्याला बळी मिळाले ते स्वस्त आणि कायदेशीर भाड्याच्या खोलीच्या अभावातून. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्यांवर त्यांनी महारेराची नोंदणीही मिळवली होती. तिथे घर घेणाऱ्यांनी तर कर्जही काढले होते. म्हणजे ही टंचाई आता खोलीवाल्यांपुरती राहिलेली नाही.

उपाय निघाले नाहीत असे नाही. ठाण्यात समूह विकासाची योजना आली, किसननगरला २०२३ मध्ये कामाचा नारळ फुटला. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मुंबईबाहेरच्या जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटईक्षेत्र आहे. नौपाड्यात त्याचा उपयोग होतो, कारण तिथे वरचे मजले विकून खर्च निघतो. पण हे सगळे पैसे इमारत पाडल्यावर येतात. ती उभी असताना तिच्या गळक्या गच्चीसाठी, फुटलेल्या सांडपाण्याच्या नळासाठी, तडा गेलेल्या खांबासाठी एक रुपयाही कुठून येत नाही. आणि ज्या गल्लीत बाजारभाव कमी आहे तिथे बिल्डर फिरकत नाही, तिथली भिंत पुढच्या पावसाची वाट पाहते. जुन्या भाडेकरूंची अधिकृत नोंद, त्यांना लेखी हक्कपत्र, परवडणाऱ्यांसाठी क्रमाक्रमाने वाढणारे भाडे, गरिबांसाठी दुरुस्तीचा सार्वजनिक निधी आणि नव्याने भाड्याच्या खोल्या बांधणाऱ्याला जमीन व करसवलत: यातले काहीही अशक्य कोटीतले नाही, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी ते राज्य सरकारकडे ठामपणे मागितले पाहिजे.

शीळफाट्याला आता बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटर लांब बोगद्याचे तोंड आहे. रस्त्याच्या दुतर्फा मोठमोठ्या वसाहती उठल्या आहेत आणि जागेचा भाव दर वर्षी वाढतो आहे. मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याने बसवलेला दुरुस्तीचा उपकर आणि तो वापरणारे मंडळ आजही शीव-माहीमच्या पुढे आलेले नाही.